पाहुणा, पदवी आणि झाडीपट्टी

हॉटेल व्यवस्थापन आणि पर्यटन या विषयांच्या उच्च शिक्षणाचा इतिहास लिहायला घेतला की आपल्याकडची मंडळी लोझानपासून (१८९३) आणि कॉर्नेलपासून (१९२२) सुरुवात करतात. दोन्ही संस्था थोर आहेत, पण आपली गोष्ट तिथली नाही. आपली गोष्ट धान्यटंचाईतून सुरू होते. स्वातंत्र्यानंतरची ती वर्षे रेशनची होती. कन्हैयालाल मुनशी केंद्रात अन्नमंत्री होते. लीलावती मुनशींच्या पुढाकाराने अखिल भारतीय महिला मध्यवर्ती अन्न परिषद उभी राहिली होती. गहू-तांदळाला पर्याय म्हणून कंद, रताळी, केळी यांचे पदार्थ करा, लोकांना स्वस्त आणि सकस खाऊ घाला, असे परिषदेचे काम होते. तिची 'अन्नपूर्णा' उपाहारगृहे त्यासाठीच निघाली होती. याच परिषदेने १९५४ मध्ये मुंबईत केटरिंगचे शिक्षण देणारी देशातली पहिली संस्था काढली. दादरच्या या संस्थेच्या नावात 'अप्लाइड न्यूट्रिशन' आजही आहे. आपल्या भूमीत काय पिकते, ते कसे रांधायचे आणि चार माणसांना मानाने कसे वाढायचे, हा या शिक्षणाचा मूळ पाया होता. मी आयुष्यभर ज्यासाठी भांडलो ते एवढेच. नवीन काही मागितले नाही, मूळचे परत मागितले.

पुढचा टप्पा झरझर सांगतो. १९८२ मध्ये हॉटेल व्यवस्थापनाची राष्ट्रीय परिषद आली आणि देशभरातल्या संस्थांना एकच अभ्यासक्रम मिळाला. १९८३ मध्ये पर्यटनासाठी आज ग्वाल्हेरला असलेली केंद्रीय संस्था निघाली. नव्वदच्या दशकात तेव्हाच्या औरंगाबादेत ताज समूहाच्या सहकार्याने संस्था उभी राहिली आणि अजिंठा-वेरूळच्या दाराशी बसून मुले इंग्लंडातल्या हडर्सफील्ड विद्यापीठाची पदवी घेऊ लागली. पुण्या-मुंबईत खासगी महाविद्यालये वाढली, काळे कोट आणि बो-टाय घालून मुले मुलाखतींना जाऊ लागली, क्रूझच्या नोकऱ्यांच्या जाहिराती भिंतींवर आल्या. फूड प्रॉडक्शन, एफ अँड बी, फ्रंट ऑफिस, हाऊसकीपिंग हे चार खांब सगळीकडे तेच. त्यावर लिहिण्यासारखे फारसे नाही आणि ज्यांना त्यात रस आहे त्यांनी त्यावर भरपूर लिहून ठेवले आहे.

आमच्या भागाकडे वळतो. चंद्रपूर आणि गडचिरोलीची महाविद्यालये २०११ पर्यंत नागपूर विद्यापीठाच्या छत्राखाली होती. त्या वर्षी गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. आम्हा काही शिक्षकांना वाटले, आता आपला अभ्यासक्रम आपल्या नदीकाठी बसून लिहिता येईल. त्या काळातल्या बैठका आठवतात. एका बैठकीत एका ज्येष्ठ सहकाऱ्याने मला विचारले, 'गडचिरोली जिल्ह्यात एक पंचतारांकित हॉटेल नाही, मग इथे हा विषय शिकवायचा कशाला?' प्रश्न प्रामाणिक होता. उत्तर मी तेव्हाही दिले होते, आजही देतो: हॉटेल नाही म्हणूनच. ज्या जिल्ह्यात पाहुणा घरात उतरतो तिथे पाहुणचाराचा अभ्यास घरातच व्हायला हवा.

हे ज्यांना भावनिक वाटते त्यांनी दिवाळीनंतर आरमोरीच्या आसपास एखाद्या गावी मंडईला, म्हणजे गावच्या जत्रेला, यावे. दिवसा शंकरपट, रात्री नाटक. वडशाच्या नाटक मंडळ्यांच्या गाड्या रंगमंचाचे सामान घेऊन गावात शिरतात. नाटक रात्री उभे राहते आणि उजाडेपर्यंत चालते. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाल्यावर झाडीपट्टी रंगभूमीचे नाव मुंबईच्या वर्तमानपत्रांत आले, पण त्या रंगभूमीला ज्याने तगवले तो पाहुणचार कुणी मोजला नाही. मंडईच्या दिवशी गावातल्या घराघरात लेकी-जावई, मामे-मावसभाऊ, सोयरे, सोयऱ्यांचे सोयरे येतात. पूर्वी खासरीने यायचे, आता मोटारसायकलने येतात. चार माणसांच्या घरात पंचवीस माणसे जेवतात. तळ्यातली मासोळी, तांदळाची भाकर, लाखोळीचे वरण, पहाटे चहा. कुणाची सोयरीक जुळते, कुणाचे जुने भांडण मिटते. झोपायची सोय ओसरीवर, कोठ्याच्या बाजूला, शेजाऱ्याच्या पडवीत. कुणी उपाशी जात नाही, कुणी अपमानित होऊन जात नाही. एवढा मोठा भार एका रात्रीत पेलणाऱ्या घरातल्या बाईला एखाद्या बँक्वेट मॅनेजरपेक्षा कमी व्यवस्थापन येते असे कुणी म्हणत असेल तर त्याने एकदा तिच्या चुलीजवळ बसावे.

आमच्या महाविद्यालयात पर्यटनाचा एक ऐच्छिक पेपर मी शिकवत असे. त्यात मुलांना मी मंडईचे काम द्यायचो. एका घरी राहायचे, आणि लिहून आणायचे: तांदूळ किती शिजला, पाणी कुठून आले, भांडी कुणाकडून मागवली, आधी कोण जेवले, शेवटी कोण जेवले, म्हाताऱ्या पाहुण्याला अंथरूण कुठे दिले, खर्च किती आणि तो कसा वाटला गेला. वह्या परत आल्या की वर्गात त्यावरून किंमत काढायची, माणशी शिधा काढायचा, कामाची वाटणी फळ्यावर मांडायची. सगळ्यांत शेवटी जेवणारी नेहमी घरची सून, हे मुलींनीच पहिल्यांदा लिहून आणले आणि त्या दिवशी तास संपल्यावरही वाद चालू राहिला. पाहुणचाराचे कौतुक करताना तो कुणाच्या कष्टावर उभा आहे हे विद्यार्थ्याला कळलेच पाहिजे. पुस्तकी 'सर्व्हिस सीक्वेन्स' पाठ करून हे कळत नाही.

त्याच पेपरात वैरागडची सहल असे. आरमोरी तालुक्यातला तो गोंडकालीन किल्ला, त्याच्या जवळची हिऱ्यांची जुनी खाण, जिची नोंद अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त आहे, आणि भंडारेश्वराचे देऊळ. आरमोरीतून निघायचे, वैरागड करायचे, दुसऱ्या दिवशी चामोर्शीकडे मार्कंड्याला वैनगंगेच्या काठची देवळे पाहायची. वाटेत कोसा. आमच्या भागातले ढिवर ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसरचे किडे वाढवतात, पाखरांपासून राखतात, कोष उतरवतात. नागपूरच्या दुकानात कोशाची साडी घेणाऱ्याला हे झाड, हा माणूस, ही राखण ठाऊक नसते. तिथे पाहुण्याला नेऊन दाखवणारा, दोन गोष्टी नीट सांगणारा आणि ढिवराच्या घरी योग्य मोबदला पोचवणारा तरुण तयार करणे, हे मी पर्यटन शिक्षणाचे शिखर मानतो. माझ्या काही विद्यार्थ्यांनी हे केले. त्यांना पदवीचा कागद कमी आणि गावचा विश्वास जास्त उपयोगी पडला.

आता ताडोब्याबद्दल. १९५५ चे राष्ट्रीय उद्यान, १९८६ चे अंधारी अभयारण्य, १९९५ चा व्याघ्र प्रकल्प आणि २०१० मध्ये जाहीर झालेले बफर, हा क्रम इथला शाळकरी मुलगाही सांगतो. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गाभा क्षेत्रातले पर्यटन काही महिने थांबवले आणि नंतर मर्यादा घालून सुरू करू दिले, तेव्हा मोहर्ली-कोलाऱ्याच्या गाईडांच्या घरात काय झाले ते आम्ही जवळून पाहिले. वहन क्षमता हा शब्द पुस्तकात शिकवणे सोपे; गाडी बंद झाल्यावर चूल कशी पेटली हे शिकवणे अवघड. बफरमधल्या गावांतल्या मुलांनी, आणि पुढे मुलींनीही, गाईड म्हणून जे मिळवले ते मला कुठल्याही प्लेसमेंटपेक्षा मोठे वाटते. माकडाचा आणि चितळाचा इशारा ओळखणे त्यांना घरातच मिळालेले असते. विद्यापीठाने त्यात काय घालायचे? नोंद ठेवण्याची शिस्त, प्रथमोपचार, १९७२ चा वन्यजीव कायदा, परभाषेत दोन वाक्ये आत्मविश्वासाने बोलण्याची सवय. आणि वाघ दिसला नाही तरी तीन तास पाहुण्याला जंगल वाचून दाखवण्याची कला. तळ्याकाठचे तारूचे ठाणे, वाघाशी झुंजून मेलेल्या या तारू मुखियाची लोककथा, मोहाच्या फुलांचा हंगाम, बांबूच्या जाती. हे सांगता येणारा गाईड पाहुण्याला रिकाम्या हाताने पाठवत नाही.

एक गोष्ट मात्र या शिक्षणातून पार सुटली आहे. गेटच्या अलीकडे वाघ हे तिकीट आहे, पलीकडच्या गावात तो भीती आहे. ब्रह्मपुरी आणि वडसा वनविभागांत सरपणाला, तेंदूपानाला गेलेली माणसे मारली गेली आहेत. २०२१ पासून छत्तीसगडच्या बाजूने आलेले रानटी हत्ती कुरखेडा-आरमोरीकडच्या धानाची नासाडी करत आले आहेत. जो पदवीधर पाहुण्याला वाघ दाखवून फोटो काढून देतो पण त्या गावच्या विधवेबद्दल एक वाक्य बोलू शकत नाही, त्याचे शिक्षण अपुरे राहिले असे मी मानतो.

एका टीकाकाराने लिहिले होते की मोहाची भाजी नि वास्त्याचे, म्हणजे बांबूच्या कोंबांचे, पदार्थ शिकवायला विद्यापीठ लागत नाही. बरोबर आहे, रांधायला लागत नाही. पण तेच पदार्थ पाहुण्याच्या पोटाला बाधणार नाहीत इतक्या स्वच्छतेने रोज देणे, विहिरीचे पाणी तपासून घेणे, घरगुती निवासाची नोंदणी करणे, जंगलातून काय किती घ्यायचे याला ग्रामसभेची संमती मिळवणे, २००६ चा वनहक्क कायदा आणि १९९६ चा पेसा कायदा समजून घेणे, याला नक्कीच लागते. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून दाखवला. तिथे पाहुणा गावाच्या अटींवर येतो. पर्यटनाच्या पदवीला बसणाऱ्या विद्यार्थ्याने हे गाव न पाहता परीक्षा देऊ नये.

उलट काय शिकवले जाते? गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. तरी इथला विद्यार्थी वाइनच्या प्रदेशांची नावे, बाटल्यांची मापे, कॉकटेलची वर्गवारी पाठ करतो. बाहेर नोकरी करायची तर ते ठाऊक हवे, हे मला मान्य आहे. पण इथे मोहफुलाचे लाडू, लोणचे, सरबत होते, त्यावर अभ्यासक्रमात दोन तासही नसावेत? मुंबईच्या त्या पहिल्या संस्थेने ज्या कारणासाठी जन्म घेतला ते कारण आमच्या जंगलात जिवंत असताना आम्ही फ्रेंच मेन्यूचे अभ्यासक उभे करतो.

आजचे चित्र पाहून मन खिन्न होते. वर्गात मुले कमी आणि तयार नोट्स जास्त. इंटर्नशिपच्या नावाखाली लग्नाच्या हॉलमध्ये ताटे उचलायला मुलांना पाठवायचे आणि प्रमाणपत्र द्यायचे, ही पद्धत मी ठिकठिकाणी पाहिली. मोहर्लीच्या रस्त्यावर रिसॉर्ट वाढली, पण बहुतेक ठिकाणी वरच्या जागांवर बाहेरून आलेले आणि बागकामाला गावातले, हे बदललेले नाही. शिक्षक शेतावर, जंगलात, मंडईत जायला कंटाळतात. मराठीतून या विषयाचे धड पुस्तक नाही, म्हणून धानाच्या घरातली हुशार पोरगी इंग्रजी व्याख्येला अडून नापास होते. तिला पंचवीस पाहुण्यांचे जेवण काढता येते, आणि आम्ही तिला 'मिझ ऑं प्लास'ची व्याख्या विचारतो. हा अन्याय आम्ही वर्षानुवर्षे चालवला आहे.

नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीत प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण, क्षेत्र प्रकल्प आणि समाजसहभाग यांना श्रेयांक दिले आहेत. जागा झाली आहे, ती भरायची आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या महाविद्यालयांतल्या तरुण शिक्षकांना माझे सांगणे आहे: या हिवाळ्यात नाटकाच्या तारखा वडशाहून मागवा, दोन-दोन मुले एकेका घरी ठेवा, घरधनिणीला मानधन द्या आणि तिची सही मूल्यमापनाच्या कागदावर घ्या. अभ्यास मंडळाने तिला परीक्षक म्हणून मान्यता द्यावी. मराठी पुस्तकाचे काम मी माझ्या परीने सुरू केले आहे. वह्या, पाककृती, मंडईच्या नोंदी ज्यांच्याकडे असतील त्यांनी त्या या अंकाच्या संपादकांकडे पाठवाव्यात.