कर्त्याच्या माघारी

घरचा कर्ता गेला म्हणजे शोकाच्या पाठोपाठ चुलीची चिंताही दारात उभी राहते. त्या वेळी विमा अथवा निवृत्तिवेतन योजनेतून मागे राहिलेल्यांस जे मिळते, त्यास मृत्युलाभ म्हणतात. विम्याची रक्कम बहुधा एकदम हाती येते. निवृत्तिवेतन दरमहा येते. १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत विधवेबरोबरच एका वेळी दोन मुलांनाही पंचविसाव्या वर्षापर्यंत वेतन मिळते.

नोकरी नसलेल्यांसाठीही सोय आहे. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री जीवन ज्योती योजनेत १८ ते ५० वर्षांच्या खातेदारास वर्षाला ४३६ रुपयांत २ लाखांचा विमा उतरविता येतो. हप्ता मेअखेर बँकेच्या खात्यातून वळता होतो. खाते रिकामे असल्यास विमा खंडित होतो.

वाचकहो, आमचे सांगणे एवढेच, की केवळ हप्ता भरून कर्तव्य सरत नाही. अविवाहितपणी भविष्यनिर्वाह निधीस भावाचे नाव लावले असेल, तर विवाहानंतर ते चालत नाही. पत्नीचे नाव नव्याने नोंदवावे लागते. विम्याच्या कागदांवरील नावही तपासावे, आणि ते कागद कोणत्या पेटीत आहेत हे घरच्या माणसांस आजच सांगून ठेवावे. ज्या ठेव्याचा घरात कोणास पत्ताच नाही, तो गरजेच्या वेळी कोण मागणार?