शाळा संपल्यावर काय?

स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, वयाबरोबर जात नाही. शाळेचा आधार मात्र शाळेबरोबरच संपतो. पुढे अनेक तरुण घरी बसून राहतात. उणीव त्यांच्यात असते की आपल्या पद्धतीत?

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात याची पद्धतशीर पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. शाळेच्या अखेरच्या टप्प्यावरील ४० स्वमग्न विद्यार्थ्यांचे दोन गट यदृच्छेने पाडले. २४ जणांनी शेवटचे वर्ष रुग्णालयात, प्रत्यक्ष कामे शिकत काढले. सोबत प्रशिक्षक असे. उरलेले १६ नेहमीच्या वर्गात राहिले. अखेरीस पहिल्या गटातील २१ जणांना पगारी नोकरी मिळाली. दुसऱ्या गटातील फक्त एकाला! गट लहान होते हे खरे, पण एवढी तफावत केवळ योगायोगाची म्हणता येत नाही.

असे का झाले असावे? मुलाखतीत नजर मिळवणे, चटकन बोलणे यांचीच परीक्षा होते. कामाला लागते ते अचूकपण आणि चिकाटी. काम लहान पायऱ्यांत मांडले, क्रम लिहून वा चित्रांत दाखवला, तर ते हळूहळू अंगवळणी पडते. मग प्रशिक्षकाने बाजूला सरकायचे.

आपल्याकडे २०१६ च्या कायद्याने स्वमग्न व्यक्तींना सरकारी नोकऱ्यांतील आरक्षणात स्थान दिले. पण जागा राखीव ठेवल्याने काम शिकवले जात नाही. त्याची सुरुवात शाळेतच करता येईल : ग्रंथालयातील पुस्तके लावणे, प्रयोगशाळेतील काचसामान मोजून ठेवणे. तुमच्या वर्गातील अशा मुलाला यंदा कोणते काम सोपवाल?