एका लिटरमागे पाव प्रकाशवर्ष

घाटकोपरच्या पंपावर स्कूटरमध्ये पाच लिटर ई-२० पेट्रोल भरलं, की त्यातलं एक लिटर इथेनॉल असतं. देशभरात २०१३-१४ साली पेट्रोलमध्ये ३८ कोटी लिटर इथेनॉल मिसळलं गेलं होतं. २०२३-२४ साली ७०७ कोटी लिटर. दहा वर्षांत अठरा पट! यातलं बहुतेक सगळं येतं ऊस, मका आणि तांदूळ यांतून. म्हणजे माणसांच्या ताटातून, नाहीतर कोंबड्यांच्या. मक्याचा भाव वाढला की पोल्ट्रीवाले का ओरडतात, ते यातच आलं.

जे कुणी खात नाही त्याचं इथेनॉल का करू नये, या प्रश्नावरचं काम घाटकोपरहून चार स्टेशनं पुढे झालं आहे. माटुंग्याची इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी (आयसीटी) १९३३ची. जुन्या लोकांच्या तोंडी अजून ‘यूडीसीटी’च. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या पैशातून तिथे ऊर्जा-जैवविज्ञानाचं केंद्र उभं राहिलं आणि प्रा. अरविंद लाली यांच्या नेतृत्वाखाली चिपाड, भाताचा पेंढा, पऱ्हाटी (वेचणीनंतर उरलेली कापसाची झाडं) यांपासून इथेनॉल काढण्याची पद्धत तयार झाली. शेतातला कचरा आत, इंधन बाहेर, आणि मध्ये एन्झाइम व यीस्ट.

वाक्य सोपं आहे, आतला हिशेब डोकं गरगरवणारा.

पऱ्हाटीचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून थोडा जास्त भाग सेल्युलोज असतो. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजचे रेणू एकाला एक जोडून झालेली साखळी. यीस्टला साखळी पचत नाही, सुटं ग्लुकोज लागतं. म्हणून प्रत्येक जोड तोडावा लागतो. एक लिटर इथेनॉलसाठी किती? किमान पाचावर चोवीस शून्यं, इतके ग्लुकोजचे रेणू. साखळीतल्या एका रेणूची लांबी अर्ध्या नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे मिलिमीटरचा वीस लाखावा भाग. इतकी क्षुल्लक लांबी, पण सगळे रेणू एका रेषेत मांडले तर रेषा होते अडीच लाख कोटी किलोमीटरांहून लांब. इथून सूर्य पंधरा कोटी किलोमीटरांवर. म्हणजे ते अंतर सतरा हजारांहून जास्त वेळा. सूर्याचा प्रकाश आपल्याकडे सव्वाआठ मिनिटांत पोचतो. त्याच प्रकाशाला या रेषेच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला शंभर दिवसांहून जास्त लागतील. पाव प्रकाशवर्षाहून लांब, आणि तेही स्कूटरच्या एका लिटरपुरतं.

आता ही साखळी तोडणारा गडी पाहा. सेल्युलोजच्या साखळीवर चढून तिचे तुकडे करत सरकणाऱ्या एन्झाइमचा वेग मोजलेला आहे: सेकंदाला सुमारे सात नॅनोमीटर. चोवीस तास न थांबता चालला तरी अर्ध्या मिलिमीटरहून किंचित पुढे. धीमी लोकल घाटकोपरहून माटुंग्याला पाव तासात येते. या गतीने एन्झाइमला तेवढ्याच अंतराला चाळीस हजार वर्षं लागतील. तरी काम एका दिवसात उरकू शकतं, कारण गडी एकटा नसतो. लिटरमागे चारावर अठरा शून्यं इतके रेणू एकाच वेळी कामाला लागले की झालं. गंमत अशी, की या सगळ्या फौजेचं वजन हिशेबाने जेमतेम अर्धा ग्रॅम भरतं. प्रत्यक्षात कित्येक पट जास्त एन्झाइम घालावं लागतं, कारण बरेच रेणू लाकडातल्या लिग्निनला चिकटून बसतात किंवा वाटेत अडकतात. एन्झाइम महाग, इथेच असल्या कारखान्यांचं गणित बिघडतं. माटुंग्याच्या पद्धतीत एन्झाइम गाळून परत वापरतात. इतर पद्धतींना तीन ते पाच दिवस लागत असताना आपलं काम चोवीस तासांत होतं, असा तिचा दावा. मला यातली खरी कर्तबगारी त्या परतवापरात वाटते.

२०१६ साली उत्तराखंडात काशीपूरला इंडिया ग्लायकॉल्सच्या आवारात या पद्धतीचा रोज दहा टन कच्चा माल घेणारा कारखाना सुरू झाला. पऱ्हाटीवर काम करणारी आणखी एक संस्था माटुंग्यातच, आयसीटीच्या शेजारी आहे: १९२४ साली सुरू झालेली कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था, सिरकॉट. तीही सरकारी पैशावरची, आणि पऱ्हाटीचे बोर्ड करण्याचं तंत्र तिने दिलं आहे. पण देशात वर्षाला सुमारे तीन कोटी टन पऱ्हाटी निघते. काशीपूरएवढा कारखाना वर्षाचे तीनशे दिवस चालला तर खाईल तीन हजार टन. म्हणजे सगळी पऱ्हाटी संपवायला असे दहा हजार कारखाने लागतील.

मोठा कारखाना २०२२ साली पानिपतला झाला, इंडियन ऑइलचा. (पानिपतात मराठी माणसाने काही कमावल्याची नोंद क्वचितच, इथलं तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचं आहे.) क्षमता वर्षाला दोन लाख टन पेंढा आणि तीन कोटी लिटर इथेनॉल. टनाला दीडशे लिटरचा हाच दर धरला, तरी तीन कोटी टन पऱ्हाटीतून ४५० कोटी लिटर निघतं. २०२३-२४च्या एकूण इथेनॉलच्या निम्म्याहून जास्त, आणि उसाचं एक कांडंही न तोडता.

मग विदर्भात अजून पऱ्हाटी बांधावर का जळते? एकरी साधारण टनभर पऱ्हाटी धरली, तर पानिपतएवढ्या कारखान्याला दोन लाख एकर लागतात. राज्यातलं सरासरी खातं सव्वातीन-साडेतीन एकरांचं, म्हणजे साठ हजारांच्या आसपास शेतकऱ्यांच्या बांधावर जायचं. तेही वेचणी संपल्यावरच्या थोड्या आठवड्यांत, कारण उभ्या पऱ्हाटीत गुलाबी बोंडअळी मुक्काम करते आणि शेतकऱ्याला रान मोकळं हवं असतं. माल हलका, फुगीर. ट्रक भरतो पण वजन भरत नाही.

साखळी तोडण्याचा प्रश्न माटुंग्याने बराचसा सोडवला आहे. अडलं आहे ते माल गोळा करण्यावर आणि त्याच्या भावावर. उसाला एफआरपी आहे, कापसाला हमीभाव आहे, पऱ्हाटीला मात्र कुठला सरकारी दर नाही. सार्वजनिक पैशाचा पुढचा हप्ता पऱ्हाटी उपटून, तुकडे करून, दाबून देणाऱ्या यंत्रांवर आणि हंगामाआधी जाहीर केलेल्या दरावर खर्च व्हावा.