पाच बिंदूंचं अंतराळयान



निर्देशक भूमिती शिकवताना "हे पुढे कुठे उपयोगी पडतं?" असं मुलांनी तुम्हालाही विचारलं असेल. याचं एक छान उत्तर जुन्या घरगुती संगणकांमध्ये सापडतं. 1980-90 च्या काळात हौशी मंडळी त्यांवर अंतराळयानं बनवत आणि पडद्यावर उडवतही. काही जण आजही ते संगणक दुरुस्त करून हा छंद जपतात.

चित्र नाही, आकडे

1984 साली इंग्लंडमध्ये डेव्हिड ब्रेबेन आणि इयान बेल या दोन विद्यार्थ्यांनी 'एलिट' हा अंतराळातला खेळ तयार केला. त्यांच्या बीबीसी मायक्रो संगणकाची मेमरी होती फक्त 32 केबी! मोबाइलवर काढलेला एक फोटोही त्यात मावणार नाही. मग यानांची चित्रं ठेवली कुठे? ठेवलीच नाहीत. यानाच्या कोपऱ्यांचे निर्देशक आणि कोणता कोपरा कोणाला जोडायचा, अशी माहिती ठेवली. रेषा संगणक दर वेळी हिशेब करून काढायचा.

पुढे 1985 मध्ये अमिगा संगणक आला. 1990 पासून त्यावर 'लाइटवेव्ह' हे सॉफ्टवेअर मिळू लागलं. 'बॅबिलॉन 5' या अमेरिकी मालिकेच्या 1993 च्या पहिल्या चित्रपटातली यानं अशाच अमिगांवर तयार झाली. तत्त्व तेच : आधी बिंदू, मग ते जोडून पृष्ठं. यात बिंदूंचा क्रमही महत्त्वाचा. तो उलटा झाला की पृष्ठाचं तोंड आतल्या बाजूला वळतं आणि बाहेरून बघताना ते दिसतच नाही!

हालचाल आणि वाट पाहणं

अ‍ॅनिमेशनमध्ये प्रत्येक चित्र हाताने काढावं लागत नाही. यान पहिल्या चित्रात कुठे आणि शेवटच्या चित्रात कुठे, हे आपण सांगायचं. मधल्या जागा संगणक गुणोत्तराने काढतो. मात्र प्रत्येक चित्राचा प्रकाश, सावली मोजायला त्या संगणकांना खूप वेळ लागायचा. समजा, सेकंदाला 25 चित्रं आणि एका चित्राला 20 मिनिटं. मग 5 सेकंदांच्या उड्डाणाला किती वेळ? 125 चित्रं, 2500 मिनिटं, म्हणजे 41 तास 40 मिनिटं. चूक राहिली की पुन्हा पहिल्यापासून! म्हणून ही मंडळी आधी कागदावर नीट विचार करत.

वर्गात करून बघा

संगणक नसला तरी चालेल. मुलांना हे पाच बिंदू द्या :

यानाचं नाक (0, 0, 3)
मागचे कोपरे (2, 1, 0), (-2, 1, 0), (-2, -1, 0), (2, -1, 0)

तिसरा आकडा म्हणजे पुढची दिशा. काड्या आणि मातीच्या गोळ्यांनी यान बनवायला सांगा. मग विचारा : कडा किती? (8) पृष्ठं किती? (5) यान 4 एकक पुढे न्यायचं तर कोणते आकडे बदलतील? एक आकडा चुकीचा घेतला तर काय होईल?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लगेच सांगू नका. मुलांना वाकडं यान बनवू द्या. चूक कुठे झाली ते त्यांनी स्वतः शोधलं, की "हे कुठे उपयोगी पडतं?" हा प्रश्न बहुधा पुन्हा येणार नाही.