सभेची परवानगी

बीड जिल्ह्याच्या परळी तालुक्यातील धर्मापुरी हे गाव केदारेश्वराच्या चालुक्यकालीन मंदिरामुळे आणि जुन्या किल्ल्यामुळे इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे; परंतु सत्ता सामान्य माणसाच्या उंबरठ्यापर्यंत कशी पोहोचते आणि तिला नकार कसा दिला जातो, हे समजून घेण्यासाठीही हा परिसर तितकाच महत्त्वाचा आहे, कारण उर्वरित देशात स्वातंत्र्याचा सोहळा झाल्यानंतरही 17 सप्टेंबर 1948 पर्यंत येथील माणूस निजामाची प्रजाच होता. ज्या राज्यात राज्यकर्ता कोणालाही उत्तरदायी नसतो आणि लोकांचे बोलणे, लिहिणे व एकत्र जमणे हे हक्क म्हणून नव्हे तर मेहेरबानी म्हणून चालते, त्या राज्यपद्धतीला एकाधिकारशाही म्हणतात. निजाम मीर उस्मान अली खान यांच्या कारकिर्दीतील हैदराबाद संस्थान या व्याख्येत पुरेपूर बसत होते, आणि तेथील दडपशाहीचे सर्वांत नेमके रूप तोफखान्यात नव्हे, तर एका कागदात सापडते.

हा कागद म्हणजे ‘गश्ती निशान 53’. गश्ती म्हणजे सरकारी परिपत्रक. या परिपत्रकाने सार्वजनिक सभेसाठी पूर्वपरवानगी बंधनकारक केली, आणि खाजगी शाळांवरही अशाच परिपत्रकांद्वारे नियंत्रण ठेवले गेले. परवानगी मागावी लागते तेथे नकाराचे कारण द्यावे लागत नाही, आणि काही काळाने माणूस मागणेच सोडून देतो. एकाधिकारशाहीला हवी असते ती हीच सवय. म्हणूनच मराठवाड्यातील प्रतिकाराची सुरुवात शस्त्रांनी न होता शाळा, वाचनालये आणि भाषेच्या परिषदांनी झाली, ही गोष्ट दुर्बलतेची नव्हती, तर सत्तेचे मर्म अचूक ओळखल्याची होती.

धर्मापुरीपासून जवळच असलेले अंबाजोगाई तेव्हा मोमिनाबाद या नावाने ओळखले जात असे. तेथील योगेश्वरी शाळेत 1935 साली, पुढे मुक्तिसंग्रामाचे नेते झालेले, स्वामी रामानंद तीर्थ आले. व्यंकटेश खेडगीकर हे त्यांचे पूर्वाश्रमीचे नाव. संन्यास घेण्यापूर्वी त्यांनी कामगार नेते ना. म. जोशी यांच्याबरोबर काम केले होते, आणि श्रमिकांच्या प्रश्नांची ती जाण त्यांच्या राजकारणात शेवटपर्यंत टिकून राहिली. 1937 साली परतूर येथे संस्थानातील मराठी भाषकांच्या महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन झाले. पुढच्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी आली, आणि जी संस्था अजून जन्मलीच नव्हती तिच्या नावाने ऑक्टोबर 1938 मध्ये सत्याग्रह सुरू झाला. त्याच वर्षी वंदे मातरम् म्हटल्याबद्दल उस्मानिया विद्यापीठातून आणि महाविद्यालयांतून काढून टाकलेल्या विद्यार्थ्यांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. स्टेट काँग्रेसवरील बंदी उठायला 1946 साल उजाडले.

यानंतरच्या लढ्यात जे घडले ते सत्तेच्या स्वरूपावर अधिक प्रकाश टाकते. कार्यकर्त्यांनी हल्ले केले ते करोडगिरी नाक्यांवर, म्हणजे जकात वसूल करणाऱ्या चौक्यांवर. शेतकऱ्यांनी लेव्हीचे, म्हणजे सक्तीने द्यावयाचे धान्य नाकारले. सरकारला महसूल देणारी शिंदीची झाडे तोडली गेली. गावोगावच्या पाटील-पटवाऱ्यांना राजीनामे देण्याचे आवाहन झाले आणि अनेक ठिकाणी दप्तरे जाळण्यात आली. निजामाचे राज्य गावात दिसत होते ते या दप्तराच्या रूपाने, आणि जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये कुलकर्ण्याच्या लेखणीची जी चिकित्सा केली होती तिचा प्रत्यय येथे येतो. राज्य दूरच्या राजधानीत बसलेले असले तरी ते हिशेब लिहिणाऱ्या, पंचनामा करणाऱ्या आणि दाखला देणाऱ्या हातांवर उभे असते, आणि ते हात थांबले की ते डळमळते.

या लढ्याला धार्मिक युद्धाचे रूप देण्याचा प्रयत्न तेव्हाही झाला आणि आजही होतो. कासीम रझवी यांच्या नेतृत्वाखालील रझाकार या सशस्त्र स्वयंसेवक दलाने केलेले अत्याचार निर्विवाद आहेत. परंतु त्यांच्या विरोधात लिहिणारे ‘इमरोज’चे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांची ऑगस्ट 1948 मध्ये हैदराबादेत हत्या झाली, हेही तितकेच निर्विवाद आहे. निजामाची सत्ता संपवणाऱ्या भारतीय सैन्याच्या ‘पोलीस कारवाई’नंतर मात्र सूड निरपराध मुसलमान रहिवाशांवर उगवला गेला. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने 1948 च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये दौरा करून जो अहवाल दिला, त्यात संस्थानभरातील मृतांचा अंदाज 27,000 ते 40,000 इतका सांगितला, आणि बाधित जिल्ह्यांत बीडचेही नाव होते. हा अहवाल अनेक दशके लोकांसमोर आला नाही. पुरोगामी दृष्टी म्हणजे दुबळ्याच्या बाजूने सत्तेची तपासणी करणारी दृष्टी असेल, तर 17 सप्टेंबरच्या मुक्तिदिनाच्या भाषणांत या मृतांचाही उल्लेख व्हायला हवा. तो होत नाही, ही वेदनादायक उणीव आहे.

स्वातंत्र्यानंतर बीडच्या मतदारांनी 1967 साली कम्युनिस्ट पक्षाचे उमेदवार म्हणून क्रांतिसिंह नाना पाटील यांना लोकसभेत पाठवले. सातारा जिल्ह्यातील प्रतिसरकारचे, म्हणजे ब्रिटिश अंमल नाकारून गावांतील न्यायनिवाडा व संरक्षण स्वतः चालवणाऱ्या 1943 ते 1946 च्या व्यवस्थेचे, ते नेते होते. त्यांच्यावर एका निजामी जिल्ह्याने विश्वास ठेवावा, हा योग लक्षणीय आहे. आणीबाणीच्या अखेरीस, 1977 साली, याच मतदारसंघातून मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे गंगाधरअप्पा बुरांडे निवडून आले. नाना पाटलांच्या भारतीय कम्युनिस्ट पक्षाने आणीबाणीला पाठिंबा दिला होता, तर बुरांडे यांच्या पक्षाने विरोध केला होता. पुरोगामी म्हणवणारा पक्षही सत्ताधाऱ्यांच्या कार्यक्रमाने भारावून नागरिकांच्या हक्कांकडे डोळेझाक करू शकतो, याचा हा धडा अजून पुरेसा शिकला गेलेला नाही.

याहून अवघड प्रसंग पुढे आला. 27 जुलै 1978 रोजी महाराष्ट्र विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांत दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. घरे जळाली, माणसे मारली गेली, अनेकांना गाव सोडावे लागले. ज्या प्रदेशातील गावांनी तीस वर्षांपूर्वी निजामाची दप्तरे जाळली होती, त्या प्रदेशातीलच काही हातांनी आता शेजाऱ्यांच्या झोपड्या पेटवल्या. गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखे मुक्तिसंग्रामातील धीरोदात्त नेते, तसेच आणीबाणीत तुरुंगवास भोगणारे संपादक अनंत भालेराव हे हिंसेचे समर्थक नव्हते, तरी नामांतराला त्यांचा विरोध होता. प्रदेशाची अस्मिता पुसली जाईल, असे त्यांना वाटत होते. त्यांच्या त्यागाविषयी पूर्ण आदर बाळगूनही हे नमूद करावे लागते की, ज्यांना पाणवठ्यावर, देवळात आणि शिवारात रोज कोणाची तरी परवानगी लागत होती, त्यांच्या दृष्टीने विद्यापीठाचे नाव हा अस्मितेचा नव्हे, तर नागरिकत्वाचा प्रश्न होता. वरच्या सत्तेशी प्राणपणाने लढलेल्या पिढीला गावातली सत्ता सत्ता म्हणून दिसली नाही. जुन्या नावाला आंबेडकरांचे नाव जोडणारा नामविस्तार होण्यास 14 जानेवारी 1994 हा दिवस उजाडावा लागला, आणि हे यश प्रामुख्याने दलित तरुणांच्या चिकाटीचे होते.

आजही बीड जिल्ह्यात सत्तेचा प्रश्न ऊसतोडीची उचल, मुकादमाशी म्हणजे मजूर पुरवणाऱ्या कंत्राटदाराशी झालेला करार, साखर कारखान्याचे व पतसंस्थेचे संचालकपद, वाळू आणि गुत्तेदारी यांच्यापासून वेगळा काढता येत नाही. कारखान्याला जाण्यापूर्वी मुकादमाकडून आगाऊ रक्कम घेतलेल्या, म्हणजे उचल घेतलेल्या, कुटुंबाला ती फिटेपर्यंत काम सोडता येत नाही, आणि असे बांधलेले कुटुंब सभेत उभे राहून प्रश्न विचारील, ही अपेक्षा करणे कठीण असते. या परिस्थितीत कायद्याने दिलेले एक साधन फारसे वापरले जात नाही. महाराष्ट्रात ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा घेणे बंधनकारक असून ती न घेतल्यास सरपंचाचे पद जाऊ शकते, आणि सर्वसाधारण ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद आहे. ज्या मातीत सभा भरवण्यासाठी गश्ती निशान 53 खाली अर्ज करावा लागत असे, तेथे आता सभा न भरवणाऱ्यालाच जाब द्यावा लागतो. धर्मापुरीसारख्या गावांत ऊसतोडीचा हंगाम साधारणपणे दिवाळीनंतर सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चालतो, आणि त्या काळात अनेक घरांना कुलूप असते. म्हणून ग्रामसभेची तारीख ठरवताना ऊसतोड कामगारांच्या टोळ्या गावात कधी असतात हे पाहणे आवश्यक ठरते.