मांडीवर ठेवण्याजोगा संगणक

संस्कृतांतील 'अंक' हा शब्द बहुअर्थी आहे. अंक म्हणजे आंकडा, अंक म्हणजे मांडी, आणि अंक म्हणजे डाग किंवा खूण. चंद्रास मृगांक म्हणतात तें या तिसऱ्या अर्थानें. आंकड्यांचें काम करणारें व मांडीवर बसणारें जें यंत्र आज घरोघर आलें आहे, त्यास हा एकच शब्द शोभला असता. तिसऱ्या अर्थाचा संबंध पुढें येईलच. इंग्रजींत त्यास लॅपटॉप म्हणतात. त्यांतील लॅप म्हणजे मांडीच. असें असूनहि यंत्राबरोबर जी सूचनापत्रिका येते, तींत बहुधा असें छापलेलें असतें कीं, चालू यंत्र फार वेळ अंगास लागून ठेवूं नये. नांव मांडीचें आणि निषेधहि मांडीचाच! हा विरोध कां उत्पन्न झाला, आणि बेताच्या प्राप्तीच्या कुटुंबानें मांडीवर सुखानें घेतां येईल असें यंत्र कसें निवडावें, याचा विचार या लेखांत करण्याचें योजिलें आहे.

उष्णता कोठून येते?

यंत्रांत जितकी वीज खर्च होते तितकी जवळजवळ सर्व अखेर उष्णतेच्या रूपानें बाहेर पडते. पूर्वीं घरांत ६० वॅटचा तारेचा दिवा असे. तो थोडा वेळ जळल्यावर त्यास बोट लावण्याची कोणाची छाती होत नसे. तो दिवा छतास टांगलेला असे आणि संगणक मांडीवर असतो, हा भेद लक्षांत घेण्याजोगा आहे. म्हणून दुकानदारास 'हें यंत्र तापतें का?' असें विचारण्यांत अर्थ नाहीं. तो 'नाहीं' म्हणूनच सांगणार. 'हें किती वॅट खातें?' हा खरा प्रश्न होय.

याचें उत्तर मिळविण्यास कोणाच्या मिनत्या करावयास नकोत. चार्जरच्या अंगावर बारीक अक्षरांत व्होल्ट व अँपिअर छापलेले असतात. त्यांचा गुणाकार केला कीं वॅट निघाले. २० व्होल्ट व २.२५ अँपिअर असतील तर ४५ वॅट, २० व ३.२५ असतील तर ६५ वॅट, आणि २० व ११.५ असतील तर तब्बल २३० वॅट! ही चार्जरची कमाल शक्ति झाली. यंत्र सदासर्वदा तितकी वीज खात नाहीं, आणि तींतील कांहीं भाग बॅटरी भरण्यांतहि जातो. तथापि दोन यंत्रांची तुलना करण्यास ही मोजपट्टी पुरेशी आहे. ४५ ते ६५ वॅटपर्यंतचें यंत्र गृहस्थाच्या घरचें; १५० वॅटच्या पुढचें यंत्र मेजावरचें, मग त्यास नांव कांहींहि असो.

दुसरी खूण यंत्राच्या मेंदूची, म्हणजे प्रोसेसरची. इंटेल व एएमडी या दोन कंपन्यांच्या पुष्कळ प्रोसेसरांच्या नांवाच्या शेवटीं एक अक्षर असतें. तें 'यू' असेल तर त्याचें मूळ मान साधारण १५ वॅटचें, आणि 'एच' असेल तर ४५ वॅटच्या आसपास. कामाचा जोर वाढला म्हणजे दोन्हीहि कांहीं काळ याहून अधिक वीज घेतात. इंटेलचा २०२३ सालीं आलेला एन-१०० हा प्रोसेसर तर अवघ्या ६ वॅटचा आहे. ॲपल कंपनीनें २०२० सालाच्या अखेरीस काढलेल्या मॅकबुक एअरमध्यें पंखाच नाहीं, कारण त्याची गरज भासत नाहीं. परंतु तें यंत्र आमच्या 'स्वस्त' या विशेषणांत नव्या किंमतीनें बसत नाहीं.

स्वस्त तेंच थंड

आतां वाचकांच्या लक्षांत एक गोष्ट आली असेल. सामान्यतः अधिक गुणास अधिक मोल पडतें. येथें मात्र उलट आहे. जीं यंत्रें अतिशय तापतात तीं बहुधा महागच असतात, कारण चित्रपट जुळविणें, त्रिमिति आराखडे काढणें किंवा भारी खेळ खेळणें यांकरितां तीं बनविलेलीं असतात. ज्या घरांत मुलांचे वर्ग, आजोबांचें कीर्तन ऐकणें, सूनबाईंचें कचेरीचें टिपण आणि विजेचें बिल भरणें एवढेंच काम आहे, त्या घरास त्यांचा उपयोग नाहीं. 'पुढें मुलाला लागेल' या एका वाक्यानें पुष्कळ पालक दुप्पट खर्च करतात व शेगडी विकत आणतात. गरज प्रामाणिकपणें ठरविली तर पैसाहि वांचतो आणि मांडीहि वांचते.

पण काटकसरीसहि मर्यादा असावी. स्मरणशक्ति, म्हणजे रॅम, ४ जीबीच असेल तर आजच्या कामांत यंत्राची दमछाक होते, आणि दमलेलें यंत्र साध्या कामासहि वेळ लावतें व तापतें. ८ जीबी घ्यावी. सांठवणीसाठीं फिरत्या तबकडीऐवजीं एसएसडी असावी. तींत हलणारा भाग नसल्यानें ती जलद चालते आणि मांडीवरील हालचालीनें बिघडत नाहीं.

कचेऱ्यांतून निघालेलीं जुनीं यंत्रें दुरुस्त करून विकलीं जातात. तीं घेण्यांत कमीपणा नाहीं. मात्र दोन गोष्टी पाहाव्या. विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. विंडोज ११ साठीं इंटेलचा प्रोसेसर, थोडे अपवाद सोडल्यास, आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा लागतो. त्याहून जुनें यंत्र कितीहि स्वस्त मिळालें तरी महागच समजावें. दुसरें असें कीं, जुन्या यंत्राच्या पंख्यांत धूळ बसलेली असते. ती काढून मगच यंत्र हातीं घ्यावें.

धातूच्या कवचाविषयीं एक गैरसमज आहे. पितळी पेल्यांतील चहा आणि चिनी मातीच्या कपांतील चहा सारखाच ऊन असतांहि पेला हातास अधिक चटका देतो. तद्वत् धातूचें कवच उष्णता लवकर बाहेर टाकतें, परंतु ती मांडीसहि तितक्याच तत्परतेनें देतें. प्लॅस्टिकचें कवच तितकें पोळत नाहीं. म्हणून कवचापेक्षां हवेचीं छिद्रें कोठें आहेत तें पाहावें. बहुतेक यंत्रें तळाकडून हवा ओढतात. तीं गादीवर किंवा गोधडीवर ठेवलीं कीं त्यांचें नाकच दाबलें जातें.

डाग कां पडतो?

येथें अंक शब्दाचा तिसरा अर्थ येतो. उष्णता पोळण्याइतकी नसतांहि ती तासन्‌तास एकाच जागीं लागत राहिली, तर कातडीवर तांबूस-तपकिरी जाळीसारखा डाग उमटतो. स्वित्झर्लंडमधील एका १२ वर्षांच्या मुलाच्या डाव्या मांडीवर असा डाग आढळला. तो रोज कांहीं तास मांडीवर यंत्र घेऊन खेळत असे. बालवैद्यकाच्या 'पीडिॲट्रिक्स' या अमेरिकन मासिकांत २०१० सालीं त्याची हकीकत आली. काश्मीरांत फिरनाखालीं निखाऱ्यांची कांगडी धरणाऱ्यांच्या अंगावरहि हाच डाग पडतो, व वर्षानुवर्षांच्या वापरानें तेथें कर्करोगहि झालेला आहे. संगणकानें तसें होईल असें भय घालण्याचा आमचा हेतु नाहीं; डाग दिसतांच संवय सोडली तर तो बहुधा हळूहळू फिका होतो. परंतु शरीराचा नियम एकच आहे. हार्वर्ड येथील दोघां संशोधकांनीं १९४७ सालीं दाखविलें कीं, ४४ अंश सेल्सिअसची उष्णता सुमारें सहा तास सतत लागल्यास कातडी भाजते. न्यूयॉर्कमध्यें २९ निरोगी पुरुषांवर केलेल्या व २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, मांडीवर तासभर यंत्र ठेवल्यानें वृषणांचें तपमान अडीच अंशांहून अधिक वाढल्याचें दिसलें. तरुणांनीं ही गोष्ट संकोच न धरतां ध्यानांत घ्यावी.

सर्वांत अधिक जपावयाचें तें घरांतील वडील माणसांस. दीर्घकाळच्या मधुमेहानें ज्यांच्या पायांची संवेदना मंद झाली आहे, त्यांस चटका बसतो पण कळत नाहीं. अशांनीं कोणतेंहि यंत्र अंगास लागूं देऊं नये.

वापरतांना

पूर्वींचे कारकून मांडी घालून बसत, पण कागद मांडीवर घेत नसत. पुढ्यांत उतरतें डेस्क असे. तेंच येथेंहि करावें. पाट किंवा पातळ लांकडी फळी मांडीवर घेतली तरी छिद्रें मोकळीं राहतात व उष्णता मांडीपर्यंत येत नाहीं. बॅटरी भरतांना यंत्र अधिक तापतें, सबब त्या वेळीं तें चौरंगावरच असावें. पुष्कळ कारखानदारांनीं भोंवतालच्या हवेची मर्यादा ३५ अंश ठरविली आहे. नागपूर-अकोल्याकडे वैशाखांत खोलीच त्याहून तापते, आणि यंत्रांतील पंखा खोलीहून थंड हवा कोठून आणणार? तिकडील बंधुभगिनींनीं जड काम सकाळीं उरकावें.

दुकानांत जातांना म्हणून चार प्रश्न लिहून न्यावे : चार्जर किती वॅटचा? प्रोसेसर कोणता? छिद्रें कोणत्या बाजूस? आणि अर्धा तास चित्रफीत चालवून तळास हात लावूं द्याल काय? चौथ्या प्रश्नास जो दुकानदार आनंदानें 'हो' म्हणेल, त्याच्याकडून यंत्र घ्यावें. आणि घरीं येतांना वाटेंत एक लांकडी फळीहि घ्यावी.