सायकलच्या चाकातील छर्रे

दमणगंगेच्या काठच्या सिल्वासा शहरात पाऊस भरपूर पडतो. चार महिने पाण्याचिखलातून धावलेली सायकल आश्विनात कोरड्या रस्त्यावर आली, की तिच्या चाकातून बारीक करकर ऐकू येऊ लागते. मसाट किंवा पिपरिया येथील कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्या कामगाराला ही करकर परवडणारी नसते. वाटेत चाक अडले तर पाळी चुकते आणि दिवसाचा रोज बुडतो. म्हणून तो दुकानात जाऊन ‘छर्रे बदलून द्या’ असे सांगतो. कोणते छर्रे, किती आणि कशा प्रतीचे, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. सायकलीच्या सर्व भागांत छर्रा हा बहुधा सर्वांत स्वस्त. परंतु त्याची निवड चुकली तर त्याच्या शेजारचे महाग भाग निकामी होतात.

बैलगाडीच्या चाकाला जसा तुंबा, तसा सायकलीच्या चाकाला हब असतो. हबच्या दोन्ही तोंडांशी पोलादी कप बसविलेले असतात. मधून आरपार जाणाऱ्या आसावर दोन्ही बाजूंस एकेक कोन असतो, आणि कप व कोन यांच्यामधील खाचेत छर्रे फिरतात. हब फिरतो, कोन मात्र जागेवरच राहतो. त्यामुळे स्वाराचे वजन कोनाच्या खालच्या भागावरच सतत पडते आणि झिजेचे पहिले खड्डे तेथेच दिसतात. कपाची झीज मात्र सगळीकडे सारखी वाटली जाते.

ही युक्ती जुनी आहे. फ्रान्समध्ये ज्यूल सुरिरे याने 1869 साली सायकलीसाठी छर्ऱ्यांच्या बेअरिंगचे पेटंट घेतले, आणि त्याच वर्षी पॅरिस ते रुआँ ही शर्यत जेम्स मूर याने अशाच बेअरिंगच्या सायकलीवर जिंकली. अडचण होती ती सर्व छर्रे सारख्या आकाराचे घडविण्याची. जर्मनीतील श्वाइनफुर्ट येथे फ्रीडरिख फिशर याने 1883 साली छर्रे घासून गोल करणारे यंत्र तयार केले, तेव्हा ती दूर झाली. छर्ऱ्यांच्या बेअरिंगचे सारे मर्म या सारखेपणात आहे. नऊ छर्ऱ्यांत एखादा जरी किंचित मोठा असला, तरी आपली पाळी येताच शेजाऱ्यांचा भार तो एकटा उचलतो, आणि कोनाला खड्डा पाडतो.

म्हणून पहिला प्रश्न मापाचा. आपल्याकडील साध्या सायकलीत सामान्यतः पुढील चाकात 3/16 इंची म्हणजे 4.76 मिलिमीटरचे, व मागील चाकात 1/4 इंची म्हणजे 6.35 मिलिमीटरचे छर्रे असतात. एका इंचाचे आठ सूत या हिशेबाने मिस्त्री पहिल्यास दीड सुती व दुसऱ्यास दोन सुती म्हणतात. येथे फसगत होते ती मेट्रिक मापामुळे. पाच मिलिमीटरचा छर्रा दीड सुतीसारखाच दिसतो आणि सहा मिलिमीटरचा दोन सुतीसारखा. नजरेला हा फरक कळत नाही. कप आणि कोन यांना तो तात्काळ कळतो. जुना छर्रा झिजलेला असू शकतो, म्हणून त्यावर विसंबू नये. नवा छर्रा व्हर्नियरने मोजून घ्यावा.

दुसरा प्रश्न संख्येचा. पुढे प्रत्येक बाजूस दहा आणि मागे प्रत्येक बाजूस नऊ, ही साध्या सायकलीची नेहमीची रीत. छर्रे कपात मांडल्यावर थोडी फट राहावी. ते एकमेकांस दाबून बसता कामा नयेत. शेवटचा छर्रा जोराने बसवावा लागत असेल, तर तो काढून ठेवावा.

तिसरा प्रश्न प्रतीचा. चांगला छर्रा क्रोमियममिश्रित पोलादाचा असून आरपार कठीण केलेला असतो. साध्या पोलादाच्या हलक्या छर्ऱ्याचा वरचा पापुद्राच तेवढा कठीण असतो. नमुन्याचा एक छर्रा शेगड्यात धरून त्यावर कानस चालवावी. कठीण छर्ऱ्यावरून ती घसरते; मऊ छर्ऱ्याला लगेच ओरखडा पडतो. वेष्टनावर ग्रेडचा आकडा असेल, तर तो जितका लहान तितकी गोलाई अधिक बिनचूक. 25 ग्रेडच्या छर्ऱ्याच्या गोलाईत इंचाच्या दशलक्षांशाचे फार तर 25 भाग इतकीच चूक चालते. रोजच्या सायकलीला 100 ग्रेडही पुरतो, 25 मिळाला तर उत्तम. गंजरोधक पोलादाचे छर्रे पावसाळी मुलखात मोहात पाडतात. परंतु ते सहसा किंचित मऊ असतात, आणि ग्रीस नसेल तर कप व कोन गंजतातच. चिनी मातीच्या जातीचे छर्रे शर्यतीच्या सायकलीस शोभतात. पाळीच्या सायकलीस त्यांचे काम नाही.

जुन्यात नवे छर्रे मिसळण्याची काटकसर मात्र कधीही करू नये. झिजलेले छर्रे लहान झालेले असतात. मग सारा भार नव्या दोनतीन छर्ऱ्यांवर येतो. संपूर्ण संच एकदम बदलावा, आणि त्याआधी हब रॉकेलने धुऊन कोन व कप उजेडात पाहावेत. नुसती चकाकणारी रेघ असेल तर चिंता नाही. परंतु नख अडेल असा खड्डा कोनात दिसल्यास कोनही बदलावा. कप गेला तर बहुधा सारा हबच बदलावा लागतो, आणि त्यासाठी मागील चाकाच्या चाळीसही तारा उलगडून पुन्हा गुंफाव्या लागतात. थोड्या पैशांच्या छर्ऱ्यांवर वाचविलेली रक्कम अशी कित्येक पटींनी वसूल होते.

शेवटी भरपूर ग्रीस घालून कोन असा आवळावा, की चाक कडेला धरून हलविल्यास डुगडुगू नये, आणि उचलून फिरविल्यास अडूही नये. पाऊस लागण्यापूर्वी एकदा व ओसरल्यावर एकदा एवढी देखभाल झाली, तर चाक मुकाट्याने फिरत राहते आणि कारखान्याचा भोंगा होण्यापूर्वी स्वार दारात पोहोचतो.